धुराड्याबाहेरची धूळ

१. कारखानेच नाहीत, तर प्रदूषण कसले?

वाशिम जिल्ह्यात हवेच्या प्रदूषणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो: इथे कारखाने आहेतच किती? प्रश्न वाजवी आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा सोयाबीन, तूर आणि कापसावर जगतो. २०१८ मध्ये नीती आयोगाने महाराष्ट्रातले चार जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले, त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादबरोबर वाशिमही होता. चंद्रपूरसारखी सिमेंटची आणि विजेची अवाढव्य धुराडी इथे नाहीत. विजेचे मोठे धुराडे पाहायचे तर शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला जावे लागते. पण कच्च्या मालावर काहीतरी क्रिया करून विकण्याजोगा माल तयार करणे हाच उद्योगाचा अर्थ घेतला, तर जिल्ह्यात उद्योग पुष्कळ आहेत. सरकी वेगळी करणारी जिनिंग, डाळमिल, तेलगिरणी, विटभट्टी, गिट्टीचे क्रशर, रस्त्यासाठी खडी तापवून डांबरात घोळणारे हॉट मिक्स प्लँट हे सगळे उद्योगच. कारंजा तर कापसाची जुनी बाजारपेठ. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रेल्वे इंग्रजी अमदानीत कारंजावरून गेली तीच मुळात कापूस वाहून नेण्यासाठी. अलीकडे समृद्धी महामार्ग मालेगाव, मंगरुळपीर आणि कारंजा तालुक्यांतून गेला. तो बांधायला लागलेली गिट्टी आणि मुरूम डोंगर फोडूनच मिळाला.

या उद्योगांचे एक वैशिष्ट्य असे की त्यांच्यापैकी बहुतेकांची घाण धुराड्यातून बाहेर पडतच नाही. ती पट्ट्यावरून, चाळणीतून, ढिगाऱ्यावरून, उघड्या दारातून आणि टिप्परच्या चाकांखालून उडते. आपला हवेचा कायदा मात्र मनात धुराडे धरून रचलेला आहे. म्हणून या प्रकरणात एकच मुद्दा मांडायचा आहे. वाशिमसारख्या जिल्ह्यात ‘धूळ किती सोडली’ या आकड्यामागे धावण्यापेक्षा ‘काम कोणत्या पद्धतीने केले’ यावर नियम बांधला आणि तो उघड्या डोळ्यांनी तपासता येईल असा ठेवला, तरच हवा राखता येईल.

२. उडालेला कण जातो कुठे?

खळ्यावर धान्य उफणताना दाणा पायाशी पडतो, भुसा चार हातांवर जातो आणि बारीक फोलकट वाऱ्यावर कुठल्या कुठे निघून जाते. क्रशरमधून उडणाऱ्या दगडाच्या भुकटीचेही तसेच होते. कण मोजायचे माप म्हणजे मायक्रॉन, मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कणांना ‘पीएम १०’ म्हणतात, ते श्वासनलिकेत उतरतात. २.५ मायक्रॉनपेक्षा लहान ते ‘पीएम २.५’, हे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात आणि त्यांतले अतिसूक्ष्म कण रक्तातही शिरतात.

आता एक ढोबळ हिशेब करू. काळ्या पाषाणाचा कण १० मीटर उंचीवरून सुटला आणि वारा सेकंदाला २ मीटर या मंद गतीने वाहतो आहे असे समजा. १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला साधारण अर्धा मीटर खाली येतो. जमिनीला टेकायला त्याला २० सेकंद लागतात, तेवढ्यात वारा त्याला ४० मीटर नेतो. १० मायक्रॉनचा कण सेकंदाला जेमतेम ९ मिलिमीटर उतरतो, त्याला १८ मिनिटांहून अधिक वेळ लागतो आणि तो दोन किलोमीटरपलीकडे जाऊन पडतो. २.५ मायक्रॉनचा कण तर पाच तास तरंगत राहील आणि ३० किलोमीटरहून दूर जाईल. प्रत्यक्षात हवेचे भोवरे हे आकडे पुष्कळ मागेपुढे करतात, पण प्रमाण लक्षात यावे. पानांवर बसून तूर नि पराटी पांढुरकी करणारी जाड धूळ जवळच्या वावराचे नुकसान करते, कारण झाकलेल्या पानाला ऊन पुरेसे मिळत नाही. छातीत जाणारी बारीक धूळ मात्र डोळ्यांना दिसत नाही आणि ती पुढच्या गावापर्यंत पोहोचलेली असते. पश्चिम विदर्भातला पाषाण बेसाल्टचा आहे, त्यात गारगोटीचा अंश वालुकाश्मापेक्षा खूप कमी असतो. त्यामुळे दगडफोडीच्या कामगारांना होणाऱ्या सिलिकोसिसची भीती इथे तुलनेने कमी आहे. बारीक कणाचा फुप्फुसावरचा आणि हृदयावरचा भार मात्र तेवढ्याने टळत नाही.

यात ऋतूचाही हात आहे. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होते, विटा पाडायला घेतात, पाऊस थांबल्याने क्रशर पूर्ण क्षमतेने फिरू लागतात. नेमक्या त्याच महिन्यांत रात्री जमीन लवकर थंड होते आणि तिच्यालगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली कोंडते. धूर वर न जाता गावावरच पसरून राहतो. म्हणजे सोडणारे वाढतात तेव्हाच हवेची सामावून घेण्याची ताकद घटते.

३. कायदा दोन ठिकाणी मोजतो

हवा (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम १९८१ साली आला. त्यापूर्वीच, १९७० मध्ये, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले होते, मात्र पाण्याच्या कायद्याखाली. हवेचे काम त्याच्याकडे नंतर आले. वाशिमचा कारभार मंडळाच्या अमरावती विभागात येतो. कायदा हवा दोन ठिकाणी मोजतो, आणि या दोहोंची गल्लत झाली की सगळी चर्चा भरकटते. पहिले ठिकाण म्हणजे माणूस श्वास घेतो ती सभोवतालची हवा. २००९ च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे तिच्यात पीएम १० चे प्रमाण दिवसाच्या सरासरीने घनमीटरला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा आणि पीएम २.५ चे ६० पेक्षा जास्त नसावे. वर्षाच्या सरासरीसाठी हेच आकडे ६० आणि ४० आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली वार्षिक मर्यादा फार कडक आहे, अनुक्रमे १५ आणि ५. दुसरे ठिकाण म्हणजे उद्योगाच्या तोंडाशी, धुराड्यातून निघणारा वायू. ही मर्यादा उद्योगागणिक वेगळी असते.

हवा अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे उद्योग उभारण्याआधी आणि चालवण्याआधी मंडळाची संमती लागते. कोणावर किती लक्ष ठेवायचे यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांना १०० पैकी प्रदूषणगुण दिले. ६० आणि त्यावर लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, त्याखाली पांढरा. त्या यादीत क्रशर, मातीच्या विटांची भट्टी आणि हॉट मिक्स प्लँट नारिंगीत होते, डाळमिल हिरव्यात. २०२५ मध्ये या वर्गवारीची फेरमांडणी झाली, पण मूळ पद्धत तीच राहिली: गुण उद्योगाच्या प्रकाराला मिळतात. एकाच टेकडीभोवती सहा क्रशर उभे राहिले तरी प्रत्येक नारिंगीच राहतो. गावाच्या नाकात मात्र सहांची बेरीज जाते.

सभोवतालच्या हवेची बाजूही अशीच लंगडी आहे. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातली १९ शहरे आली, त्यांत अकोला आणि अमरावती आहेत. वाशिम नाही. यादी केली ती मापन केंद्रांनी काही वर्षे नोंदवलेल्या आकड्यांवरून. जिथे केंद्रच नव्हते त्या गावाला यादीत येण्याची वाटच नव्हती. म्हणून यादीत नाव नसणे हा हवा स्वच्छ असल्याचा दाखला होत नाही.

४. मोठ्याला घट्ट, लहानाला सैल

धुराडे असलेल्या उद्योगातही नियमाचा कल कसा आहे हे बॉयलरच्या उदाहरणाने कळते. पर्यावरण संरक्षण नियमांत कण-उत्सर्जनाची मर्यादा बॉयलरच्या आकारावर ठरते. तासाला १५ टन किंवा अधिक वाफ करणाऱ्याला घनमीटर धुरात १५० मिलिग्रॅम, १० ते १५ टनांच्या बॉयलरला ६००, २ ते १० टनांना ८००, आणि २ टनांखालच्याला १२००. लहान बॉयलरचे धुराडे शेजारच्या इमारतीच्या अडीचपट किंवा ९ मीटर, यांपैकी जे जास्त तेवढे, उंच असले की पुरते.

समजा, एका मोठ्या बॉयलरमधून तासाला ३०,००० घनमीटर धूर निघतो. मर्यादेच्या काठावर चालला तर तो तासाला साडेचार किलो कण सोडेल. तेवढाच धूर दहा लहान बॉयलरमध्ये विभागला, प्रत्येकी ३,००० घनमीटर, तर प्रत्येक बॉयलर नियम पाळूनही ३ किलो ६०० ग्रॅम सोडू शकतो. दहांचे मिळून ३६ किलो. वाफ तितकीच, इंधन जवळपास तितकेच, आणि काजळी आठपट. शिवाय ती बुटक्या धुराड्यातून, वस्तीच्या डोक्यावर. ही सूट देण्यामागचा हेतू समजण्याजोगा आहे. छोट्या तेलगिरणीच्या मालकाला मोठ्या कारखान्यासारखा पिशव्यांचा महागडा गाळक परवडत नाही. पण वाशिमचा उद्योग असाच लहान तुकड्यांत विखुरलेला आहे, म्हणून ज्या जिल्ह्याला मागास म्हणून जपायचे त्याच्याच वाट्याला सर्वांत सैल मर्यादा येते.

जिनिंगमध्ये प्रश्न आणखी आत शिरतो. कापसाची बारीक तुस बाहेर जाते त्याहून अधिक शेडच्या आत फिरते. कापसाच्या धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना बिसिनोसिस हा फुप्फुसाचा विकार जडतो, सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या दिवशी छाती आवळून येणे हे त्याचे ओळखीचे लक्षण. पण शेडमधली हवा प्रदूषण मंडळाच्या नव्हे, तर कामगारांच्या सुरक्षेच्या कायद्याखाली औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कक्षेत येते. आत शोषक पंखा बसवून तुस भिंतीबाहेर फेकली की एका खात्याचा प्रश्न सुटतो आणि दुसऱ्याचा सुरू होतो. पंख्यापुढे तुस धरणारी खोली किंवा चक्रवाती गाळक बसवणे ही दोन्ही कायद्यांना एकदम पुरणारी पद्धत आहे.

५. क्रशर: मोजायचे कुठे?

क्रशरचे काम पाहिले की धुराड्याच्या कायद्याची अडचण स्पष्ट होते. खदानीतला दगड टिप्परमधून हौदात ओततात, जबडा तो फोडतो, पट्टा चाळणीवर नेतो, चाळणी वेगवेगळ्या मापाची गिट्टी निराळी करते आणि ती उंचावरून ढिगाऱ्यावर पडते. या प्रत्येक पायरीवर धूळ उडते, नळी घालून नमुना घ्यावा अशी जागा कुठेच नसते. म्हणून पर्यावरण संरक्षण नियमांत क्रशरचे मानक निराळे आहे: युनिटपासून ४० मीटरवर हवेतल्या तरंगत्या कणांत क्रशरमुळे पडणारी भर घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असावी. दुसऱ्या भागातला हिशेब इथे आठवून पाहावा. ४० मीटरपर्यंत जाड कण खाली बसलेले असतात, जे मोजले जाते ते पुढे जाणारे. आणि ही भर ‘क्रशरमुळे’ पडली हे ठरवायला वाऱ्याच्या अलीकडे एक यंत्र, पलीकडे दुसरे, वारा स्थिर, क्रशर पूर्ण भारावर चालू, इतके सगळे जुळून यावे लागते. तपासणीच्या दिवशी मालकाने निम्माच दगड फोडला तर आकडा आपोआप सुधारतो. हवा अधिनियमाच्या कलम २६ प्रमाणे धुराड्याचा नमुना पुरावा म्हणून टिकवायचा असेल तर मालकाला नोटीस, त्याच्यासमोर नमुना, मोहोरबंद पाकीट, मान्य प्रयोगशाळा ही सगळी शिस्त पाळावी लागते. उघड्यावर उडणारी धूळ या शिस्तीत बसवणे किती अवघड असेल याची कल्पना यावरून येते.

पण त्याच मानकात आकड्याशेजारी एक दुसरी, अधिक उपयोगी यादी आहे, तिच्याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. धूळ जागच्या जागी कोंडणारी आणि दाबणारी यंत्रणा, वारा अडवणारी भिंत, आवारातला पक्का रस्ता, जमीन नियमित झाडणे आणि भिजवणे, हद्दीभोवती झाडांचा पट्टा. या पाचही गोष्टी तपासायला ना यंत्र लागते ना प्रयोगशाळा. चाळणीला पत्र्याचे आवरण आहे की नाही, पट्ट्याच्या तोंडाशी गिट्टी उघड्यावरून पडते की झाकलेल्या नळीतून, टिप्परवर ताडपत्री आहे का, हे रस्त्यावरून जाणाऱ्या शेतकऱ्यालाही सांगता येते. दगड फोडणे हे गौण खनिजाचे काम, त्यामुळे २०१३ च्या राज्य नियमांप्रमाणे महसूल खाते खदानीवर जातेच. किती ब्रास उचलले, स्वामित्वधन भरले का, हे ते पाहते. त्याच फेरीत भिंत आणि आवरण पाहून छायाचित्रासह नोंद करून ती प्रदूषण मंडळाला पाठवणे हे नवे खाते उभारण्यापेक्षा किती तरी सोपे आहे. अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांना पुरून उरतील इतके निरीक्षक मंडळ नेमू शकेल ही आशा वास्तवाला धरून नाही.

पाण्याचा आक्षेप इथे गंभीर आहे आणि तो टाळून चालणार नाही. उन्हाळ्यात वाशिमच्या कित्येक गावांना टँकर लागतो, तिथे दगडावर पाणी मारा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? उत्तर असे की पाणी हा उपायांच्या यादीतला शेवटचा घटक मानावा, पहिला मानू नये. आवरण, भिंत आणि पक्का रस्ता यांना पाणी लागत नाही. ते झाल्यावर उरलेल्या धुळीला जाड फवाऱ्याऐवजी बारीक तुषार पुरतात, आणि जुन्या खदानीच्या खड्ड्यांत साठलेले पावसाचे पाणी त्या कामाला चालते. कोंडलेली भुकटी वायाही जात नाही. बांधकामात आज नदीच्या वाळूऐवजी क्रशरचीच बारीक चुरी वापरतात.

६. विटभट्टी: माप बदलण्यापेक्षा रीत बदलणे

केंद्राने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी विटभट्ट्यांचे नवे नियम काढले. धुराड्यातले कण घनमीटरला २५० मिलिग्रॅमच्या आत, नव्या भट्ट्या नागमोडी झोताच्या किंवा उभ्या कूपाच्या रचनेच्या अथवा नळाच्या वायूवर चालणाऱ्या, वस्ती आणि फळबागांपासून किमान ८०० मीटर अंतर, दोन भट्ट्यांत किमान एक किलोमीटर. हे नियम मुळात उत्तर भारतातल्या मोठ्या, उंच धुराड्याच्या भट्ट्या समोर ठेवून लिहिले आहेत. आपल्याकडची नदीकाठची भट्टी म्हणजे कच्च्या विटांचा रचलेला ढीग, थरांमध्ये कोळशाची चुरी नि भुसा, आणि धूर साऱ्या अंगातून निघणारा. तिथे २५० चा आकडा लावायचा कुठे? अंतराचा नियम मात्र टेप घेऊन, किंवा मोबाइलमधल्या नकाशावरून, कोणीही तपासू शकतो. संत्र्याची बाग असलेल्या शेतकऱ्यासाठी तो आजच वापरण्याजोगा आहे.

रीत बदलल्याने काय साधते याचा पुरावा शेजारच्या बांगलादेशातून आला आहे. तिथे संशोधकांनी नागमोडी भट्ट्यांच्या मालकांना विटा कशा रचायच्या आणि इंधन कसे घालायचे एवढेच शिकवले. दंड नाही, नवे यंत्र नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांनी ही रीत उचलली त्यांचा इंधनवापर सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाला, आणि कण त्याच बेताने घटले. मालकाने ते केले कारण त्याचा कोळसा वाचला. दुसरा मार्ग भट्टी पेटवण्याचीच गरज काढून टाकण्याचा आहे. पारसच्या २५० मेगावॉटच्या दोन संचांमधून राख निघते. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतल्या बांधकामांनी, किंमत पर्यायापेक्षा जास्त नसेल तर, राखेची उत्पादनेच वापरायची आहेत. संपूर्ण वाशिम जिल्हा त्या वर्तुळात येतो. राखेची वीट भाजावी लागत नाही. तिच्यात सिमेंट किंवा चुना लागतो आणि त्याचा धूर दुसरीकडे कुठेतरी निघतो हे खरे, पण तिथे निदान मोजता येईल असे धुराडे तरी असते. जिल्हा परिषदेच्या शाळाखोल्या आणि घरकुले या विटांची झाली तरी मागणीचा मोठा हिस्सा भट्टीवरून हटेल.

७. तीन आक्षेप

पहिला आक्षेप रोजगाराचा. आधीच उद्योग येत नाहीत, त्यात नियमांचा जाच कशाला? पण आज ज्याने चाळणी झाकली आणि भिंत बांधली त्या मालकाची गिट्टी महाग पडते, उघड्यावर फोडणाऱ्याची स्वस्त. नियम सगळ्यांना सारखा लागू झाला तर प्रामाणिक मालकाचा तोटा थांबतो. उद्योग नको असे इथे कोणी म्हणत नाही. काम करणारा मजूर आणि शेजारचा शेतकरी त्याचा खर्च आपल्या छातीवर आणि पिकावर सोसतो, तो मालाच्या किमतीत यावा एवढीच मागणी आहे.

दुसरा आक्षेप: काडीकचरा जाळणे, चुली, कच्चे रस्ते यांचा धूर-धुरळा याहून जास्त असेल, मग उद्योगामागेच का लागायचे? वर्षाची बेरीज केली तर कदाचित तसे निघेलही. पण क्रशरपासून पाचशे मीटरवरच्या शाळेतली मुले जिल्ह्याच्या सरासरीत श्वास घेत नाहीत. आणि चुलीला शासन परवानगी देत नाही, क्रशरला देते. जिथे परवानगी आहे तिथे अट घालण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्ही आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत जुना: पाहणारा माणूसच मिंधा झाला तर? याचे उत्तर गुजरातमध्ये प्रयोग करून शोधले गेले. तिथे उद्योगच आपला पर्यावरण लेखापरीक्षक निवडत आणि त्याला पैसे देत, आणि अहवाल जवळपास नेहमी अनुकूल येत. काही उद्योगांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले, पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही अहवाल पुन्हा तपासले. खोटा ‘नियमात आहे’ असा शेरा सुमारे ८० टक्क्यांनी घटला, आणि उद्योगांनी प्रदूषणही कमी केले. त्याच राज्यातल्या दुसऱ्या अभ्यासात नुसत्या तपासण्या वाढवून प्रदूषणात फारसा फरक पडला नाही. सुरतेत २०१९ पासून धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रे बसवून उत्सर्जनाचे परवाने विकत घेण्या-देण्याची पद्धत सुरू झाली आणि कण २० ते ३० टक्क्यांनी कमी झाले. हे यश मोठे आहे, पण तिथे प्रत्येक कारखान्याला मोजता येणारे धुराडे होते. वाशिमने सुरतेकडून यंत्र घेण्यापेक्षा पहिल्या प्रयोगातला धडा घ्यावा: तपासणाऱ्याचा पगार तपासल्या जाणाऱ्याच्या हातात नसावा, आणि तपासलेली गोष्ट दुसऱ्यालाही पडताळता यावी.

शिक्षेची बाजू अलीकडे बदलली आहे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा अधिनियमातल्या बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. तो न्यायालयाऐवजी निर्णय अधिकारी ठरवतो. कैद गेली म्हणून कायदा सैल झाला अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण वर्षानुवर्षे न लागणाऱ्या खटल्यापेक्षा लवकर बसणारा दंड क्रशरसारख्या उद्योगाला अधिक जाणवेल असे माझे मत आहे. हवा अधिनियमाच्या कलम ३१-अ खाली वीज-पाणी तोडण्याचा मंडळाचा अधिकार शाबूत आहे, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंडळे पर्यावरणाच्या हानीची भरपाईही वसूल करू शकतात असे स्पष्ट केले.

उरतो रात्रीचा प्रश्न. दिवसा तुषार चालू आणि अंधार पडला की बंद, अशी तक्रार गावोगाव असते. त्यासाठी प्रदूषण रोखणाऱ्या यंत्रणेला स्वतंत्र वीजमीटर ही साधी अट संमतीपत्रात घालता येते. समजा, एका महिन्यात क्रशरच्या मोटारीने ८,००० युनिट वापरले आणि तुषारांच्या पंपाने १२. पंप एक अश्वशक्तीचा, म्हणजे तासाला पाऊण युनिट खाणारा असेल, तर तो महिन्यात सोळा तास चालला. क्रशर मात्र महिनाभर फिरत होता. हे दोन आकडे वाचायला वीजबिल पुरते.